गोल्फ कोर्सवरचं पावसाचं पाणी जातं कुठे? निचरा, सेन्सर आणि पंपाचं गणित सोप्या भाषेत

बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर पाऊस थांबल्यावर मैदान किती पटकन खेळण्यालायक होतं, हे तुम्ही आयपीएलमध्ये पाहिलं असेल. तिथे २०१७ मध्ये ‘सबएअर’ नावाची यंत्रणा बसवली. ती मैदानाखालच्या पाइपांमधून पाणी आणि हवा खेचून घेते. ही यंत्रणा मुळात क्रिकेटसाठी बनलेलीच नव्हती. ती आली गोल्फमधून.

क्रिकेटचं मैदान साधारण दोन हेक्टरांत बसतं. १८ होलच्या गोल्फ कोर्सला ५० ते ६० हेक्टर जागा लागते. त्यात चढउतार, वाळूचे खड्डे, तळी, झाडं असं सगळं येतं. एवढ्या जागेवर मुसळधार पाऊस पडला की पाणी कुठून कुठे जातं, कुठे अडतं आणि पंप कधी सुरू करायचा हे कोण ठरवतं? आज आपण हेच पाहणार आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माळी नाही. त्यामुळे मला यात सगळ्यात जास्त रस आहे तो ‘निर्णय कोण घेतं’ या भागात. तिथपर्यंत जायला आधी थोडं पाणी आणि थोडी माती समजून घ्यावी लागेल.

पालिकेचा गोल्फ कोर्स म्हणजे काय?

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की महागडा क्लब डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत मात्र दोन हजारांहून जास्त गोल्फ कोर्स शहरांच्या किंवा काउंटीच्या मालकीचे आहेत. आपल्या पालिकेची उद्यानं असतात तसेच. फी भरा, खेळा. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे सिडकोने विकसित केलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स.

मालक पालिका असली की एक गोष्ट बदलते. तिथे पाणी काढायचा खर्च जनतेच्या पैशातून होतो आणि काढलेलं पाणी जिथे जातं तिथेही जनताच राहते. म्हणून हा प्रश्न फक्त खेळाडूंचा राहत नाही.

पुढे येणारे तीन शब्द लक्षात ठेवा:

- ग्रीन: होलभोवतीचा अगदी बारीक कापलेल्या गवताचा भाग.
- फेअरवे: सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा लांब गवताळ पट्टा.
- बंकर: वाळूचा खड्डा.

आधी गणित: मिलिमीटरचे लिटर कसे होतात?

बातम्यांमध्ये ‘१०० मिमी पाऊस’ असं ऐकतो, पण त्याचा अंदाज येत नाही. सूत्र एकदम सोपं आहे:

१ चौरस मीटर जागेवर १ मिमी पाऊस = १ लिटर पाणी.

आता ५० हेक्टरचा गोल्फ कोर्स घेऊ. म्हणजे ५ लाख चौरस मीटर. त्यावर १०० मिमी पाऊस पडला तर ५ कोटी लिटर पाणी. १०,००० लिटरचे पाच हजार टँकर! तेही एका दिवसात, एकाच जागेवर.

हे सगळं पाणी वाहत नाही. काही मुरतं, काही पानांवर अडतं, काही खड्ड्यांत साठतं. किती वाहणार याचा ढोबळ अंदाज काढायला इंजिनिअर हे सूत्र वापरतात:

प्रवाह = गुणांक × पावसाचा वेग × क्षेत्रफळ ÷ ३६०

पावसाचा वेग तासाला किती मिमी, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये आणि उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये. ‘गुणांक’ म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी किती हिस्सा वाहून जातो. काँक्रीटसाठी तो ०.९ च्या आसपास असतो, गवताळ जमिनीसाठी ०.२५ धरू.

ताशी ४० मिमी पाऊस आणि ५० हेक्टर जागा:

- गवत असेल तर: ०.२५ × ४० × ५० ÷ ३६० = सुमारे १.४ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १,४०० लिटर.
- तीच जागा काँक्रीटने भरली तर: ०.९ × ४० × ५० ÷ ३६० = ५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ५,००० लिटर.

फरक साडेतीन पटींचा आहे. शहरातल्या मोकळ्या जागेची किंमत इथे कळते. पण एक मेख आहे. आधीच चार दिवस पाऊस पडून माती भिजलेली असेल तर गवताचा गुणांकही वाढतो. भरलेल्या बादलीत आणखी पाणी मावत नाही, तसंच.

ग्रीनच्या खाली काय दडलंय?

वरून हिरवीगार दिसणारी ग्रीन खालून एक यंत्रच असते. अमेरिकेच्या यूएसजीए या गोल्फ संस्थेने १९६० मध्ये ग्रीन बांधायची एक पद्धत प्रसिद्ध केली. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या, पण गाभा तोच राहिला. वरून खाली असा क्रम असतो:

१. गवत.
२. सुमारे ३० सेंटीमीटर वाळूप्रधान थर. मुळं यात वाढतात.
३. सुमारे १० सेंटीमीटर खडीचा थर.
४. खडीखाली चरांमध्ये १० सेंटीमीटर व्यासाचे सच्छिद्र पाइप. दोन पाइपांमधलं अंतर जास्तीत जास्त साडेचार मीटर, उतार किमान अर्धा टक्का. म्हणजे १०० मीटरला ५० सेंटीमीटर.

वाळूच्या थरातून तासाला किमान १५० मिमी पाणी खाली गेलं पाहिजे, अशी प्रयोगशाळेतली अपेक्षा असते.

आता गंमत बघा. वाळूखाली खडी आहे म्हणजे पाणी लगेच खडीत उतरत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही! वाळूच्या कणांमधली बारीक छिद्रं पाण्याला धरून ठेवतात. खडीतल्या पोकळ्या मोठ्या असतात, त्या पाणी ओढून घेऊ शकत नाहीत. म्हणून वाळूचा तळ पूर्ण भिजेपर्यंत पाणी वाळूतच लटकून राहतं. तळावर पाण्याचं वजन पुरेसं झालं की मग ते खडीत सुटतं आणि पाइपातून झपाट्याने निघून जातं. याला ‘लटकती पाणीपातळी’ म्हणू. कोरड्या दिवसांत हेच धरून ठेवलेलं पाणी गवताला उपयोगी पडतं.

घरी करून बघा. भांडी घासायचा नवा स्पंज पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. पाणी ठिबकायचं थांबलं की तोच स्पंज, न पिळता, उभा करा. पुन्हा पाणी ठिबकेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली. वाळूचा थर नेमका ३० सेंटीमीटरच का, याचं उत्तर या स्पंजात आहे. थर पातळ असला तर वरची मुळं सतत ओली राहतात. जाड असला तर गवताला पाणी कमी पडतं.

सबएअर काय करतं? याच पाइपांना ब्लोअर जोडून खालून ओढ निर्माण करतं. लटकलेलं पाणी मग स्वतःच्या वजनाची वाट न बघता खाली येतं.

फेअरवेवर मात्र वाळू परवडत नाही

ग्रीन पाच-सहाशे चौरस मीटरची असते, म्हणून तिच्याखाली एवढा खर्च करता येतो. फेअरवे अनेक हेक्टर पसरलेले असतात, तिथे असेल ती माती घ्यावी लागते. म्हणून तीन साधे उपाय करतात:

- उतार: पाणी साचूच नये म्हणून जमिनीला साधारण दोन टक्के उतार देतात.
- जाळीचे खड्डे: सखल जागी वर जाळी असलेला चौकोनी चेंबर. रस्त्याकडेला पालिकेचा असतो तसाच. पाणी जाळीतून आत, तिथून पाइपात.
- चर आणि सच्छिद्र पाइप: चर खणायचा, तळाला खडी, त्यावर पाइप, वर पुन्हा खडी. पाइपाची छिद्रं बहुतेक वेळा खालच्या बाजूला ठेवतात. चरातलं पाणी खालून वर चढतं, त्यामुळे छिद्रं खाली असली की ते लवकर पाइपात शिरतं.

हे सगळं शेतकरी कुटुंबातल्या मुलांना ओळखीचं वाटेल. सांगली-कोल्हापूर भागातल्या क्षारपड जमिनी सुधारायला जमिनीखाली सच्छिद्र पाइपच टाकतात. आणि इंग्रजीत ज्यासाठी आख्खं वाक्य लागतं त्यासाठी आपल्याकडे एकच शब्द आहे: वापसा. पाणी ओसरून माती ओलसर आहे, पण चिखल नाही, अशी अवस्था. वापसा येण्याआधी शेतात ट्रॅक्टर घातला तर माती दबते आणि तिच्यातल्या पोकळ्या बंद होतात. गोल्फ कोर्सवर गवत कापायचं यंत्र किंवा खेळाडूंची बॅटरीची गाडी घातली तरी तेच होतं. दबलेली माती पुढच्या पावसात आणखी कमी पाणी मुरवते. म्हणून ‘पाऊस थांबला, आता खेळू द्या’ या मागणीला मैदान सांभाळणारे लोक नाही म्हणतात.

काळ्या मातीत हा प्रश्न जास्त. ती भिजली की फुगते आणि पाण्याचे रस्ते स्वतःच बंद करते.

सगळं पाणी एकदम बाहेर सोडलं तर?

पाइप मोठे टाकले, पाणी पटापट बाहेर काढलं, संपला प्रश्न? नाही. तुमचं पाणी खालच्या वस्तीच्या नाल्यात जातं आणि तिथलं पाणी वाढतं. शिवाय गवताला घातलेली नत्र-स्फुरदाची खतं त्यासोबत वाहून जातात आणि पुढच्या तळ्यात शेवाळ माजतं.

म्हणून गोल्फ कोर्सवरची तळी फक्त शोभेसाठी नसतात. मोठ्या पावसात ती पाणी अडवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. टेक्सासमधल्या ह्युस्टनजवळ याचं टोकाचं उदाहरण आहे. क्लिअर लेक भागातला एक गोल्फ कोर्स २००५ मध्ये बंद पडला. तिथल्या जल प्राधिकरणाने ती जागा घेऊन पाणी साठवणाऱ्या तळ्यांची साखळी खोदायला घेतली. नाव दिलं ‘एक्सप्लोरेशन ग्रीन’. २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं तेव्हा पाचपैकी पहिलंच तळं होत आलं होतं, तेही पूर्ण झालेलं नव्हतं. तरीही आधी लहान पावसातही ज्यांच्या घरात पाणी शिरायचं अशी सुमारे दीडशे घरं वाचली.

आपल्याकडे मुंबईत पालिकेने हिंदमाताचं तुंबणारं पाणी वळवायला दादरचं प्रमोद महाजन कला पार्क आणि परळचं सेंट झेवियर्स मैदान यांच्या खाली मोठ्या टाक्या बांधल्या. वर मैदान, खाली टाकी. कल्पना तीच: पाणी आधी थांबवा, मग सोडा.

सेन्सर काय काय मोजतात?

आता आपल्या विषयाकडे येऊ. पावसात भिजत फिरून ५० हेक्टर बघणं एका माणसाला शक्य नाही. म्हणून सेन्सर लागतात.

१. पर्जन्यमापक. यात सी-सॉसारखी दोन कप्प्यांची छोटी बादली असते. एक कप्पा भरला की ती उलटते आणि चुंबकामुळे एक स्विच टिकटिकतो. एक टिक म्हणजे साधारण ०.२ मिमी. सॉफ्टवेअर फक्त टिका मोजतं. खूप जोराच्या पावसात बादली उलटत असताना पडलेलं पाणी मोजायचं राहतं, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. म्हणजे नेमकं जेव्हा धोका जास्त, तेव्हा हा सेन्सर कमी सांगतो. हे लक्षात ठेवूनच प्रोग्रॅम लिहावा लागतो.

२. मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर. पाण्याचा विद्युत स्थिरांक सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १. एवढा मोठा फरक असल्यामुळे मातीत दोन पट्ट्या खुपसून तिथे किती पाणी आहे हे ओळखता येतं. तुमच्या मोबाइलचा टचस्क्रीन बोट ओळखतो ते याच्याच चुलतभावाच्या तत्त्वावर. ओल्या हाताने स्क्रीन वेडावाकडा का वागतो, हेही आता कळलं असेल.

३. पाण्याच्या पातळीचा सेन्सर. सगळ्यात साधा म्हणजे तरंगता स्विच, आपल्या सोसायटीच्या टाकीत असतो तो. त्याहून अचूक म्हणजे आवाजाच्या लहरी परत यायला लागणारा वेळ मोजणारा अल्ट्रासॉनिक किंवा तळाशी ठेवून दाब मोजणारा सेन्सर.

४. रेडिओ. तळ्याच्या काठावर ना वायफाय ना चार्जिंग. तिथे ‘लोरा’ नावाचं कमी बॅटरी खाणारं तंत्र चालतं. डेटा अगदी थोडा, पण काही किलोमीटर जातो. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे.

५. जमिनीचा नकाशा. ड्रोनने फोटो काढून किंवा लिडारच्या लेझरने जमिनीच्या प्रत्येक बिंदूची उंची मिळते. मग सॉफ्टवेअर प्रत्येक चौकोनाला एकच प्रश्न विचारतं: तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सगळ्यात खाली कोण? पाणी तिकडे. हे लाखो चौकोनांसाठी केलं की पाण्याच्या वाटा नकाशावर आपोआप उमटतात. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुम्हीही हे करू शकता.

पंप कधी सुरू करायचा?

काही जागा अशा असतात की पाणी उताराने बाहेर जाऊच शकत नाही. समोर समुद्र, मध्ये बांध. नवी मुंबईत सिडकोने धारण तलाव यासाठीच केले. भरती असताना पाणी तलावात थांबतं, ओहोटीला झडपेतून खाडीत जातं. मुंबईत हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशी पंपिंग स्टेशन याच कारणासाठी आहेत.

पंपाचं लॉजिक घरच्या टाकीवरून समजून घेऊ, फक्त उलटं. समजा नियम केला: पाणी १०० सेंटीमीटरच्या वर गेलं की पंप सुरू, खाली आलं की बंद. काय होईल? १०१ ला सुरू, ९९ ला बंद, पुन्हा १०१ ला सुरू. वाऱ्याने लाटा आल्या तरी पंप चालू-बंद होत राहील. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट घेते, त्यामुळे असं वारंवार झालं की ती तापून जळते.

म्हणून दोन आकडे ठेवतात. १२० ला सुरू, १०० ला बंद. मधले २० सेंटीमीटर ‘आहे ते चालू द्या’. याला हिस्टेरेसिस म्हणतात. तुमच्या फ्रिजमध्ये आणि एसीमध्येही हेच असतं.

कोड म्हणून हे चार ओळींचं काम आहे. पण १२० का? १३० का नाही? हा आकडा कोण ठरवतं? इथे खरी गोष्ट सुरू होते.

शार्प पार्क: एक पंप, एक बेडूक आणि कोर्ट

कॅलिफोर्नियात पॅसिफिका नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचा शार्प पार्क गोल्फ कोर्स आहे. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या नामवंत डिझायनरने तो आखला आणि १९३२ मध्ये तो सुरू झाला. अगदी समुद्राला लागून. समुद्राच्या लाटांनी काही भाग उद्ध्वस्त केल्यावर पुढे तिथे बांध घातला गेला. बांधाने समुद्र अडवला, पण आतलं पाणीही अडवलं. कोर्सच्या मधोमध लागुना सलाडा नावाचं पाणथळ तळं आहे आणि त्याला जोडलेलं दुसरं छोटं तळं. हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या पावसाळ्यात, दोन्ही भरतात आणि सखल फेअरवे पाण्याखाली जातात. पाणी बाहेर काढायला पंपच लागतो.

याच तळ्यांत लाल पायांचा कॅलिफोर्नियन बेडूक राहतो. १९९६ पासून तो संरक्षित प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्यावर जगणारा सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप १९६७ पासून संकटग्रस्त यादीत आहे. बेडकाची मादी पावसाळ्यातच अंडी घालते, एका पुंजक्यात काही हजार. हा पुंजका पाण्याच्या पृष्ठभागाजवळ गवताच्या काडीला चिकटवलेला असतो.

आता पंप सुरू केला की काय होतं बघा. पाणी खाली जातं, काडी तिथेच राहते, अंडी हवेत उघडी पडतात आणि सुकतात. पंप बंद ठेवला तर फेअरवे बुडतो आणि कमी पैशात खेळणाऱ्या सामान्य लोकांचा कोर्स आठवडे बंद राहतो.

२०११ मध्ये पर्यावरणवादी संस्थांनी शहरावर फेडरल कोर्टात खटला भरला. त्याच वर्षी शहराच्या प्रतिनिधी मंडळाने ही जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे देण्याच्या दिशेने ठराव केला, पण महापौर एड ली यांनी तो नाकारला. २०१२ मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्याने अटी घालून पंप चालवायला मुभा दिली आणि त्यानंतर कोर्टाने खटला निकाली काढला. गोल्फ चालू राहिला, बेडूकही राहिला, वादही पुढे बरीच वर्षं चालला.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: सगळं भांडण शेवटी पाण्याची पातळी किती ठेवायची या एका आकड्यावर येतं. आणि तो आकडा एका कंट्रोलरमध्ये टाइप केलेला असतो.

हे मी कोडमध्ये कसं मांडेन?

खालचे आकडे आणि नियम माझे आहेत, समजण्यासाठी घेतलेत. शार्प पार्कमध्ये असेच आहेत असं समजू नका.

- नियम १ (रोजचा): १२० ला पंप सुरू, १०० ला बंद.
- नियम २ (हंगामाआधी): अंडी घालायचा काळ सुरू होण्याआधीच पातळी १०० वर आणून ठेवा. पातळी खाली आणि स्थिर असताना अंडी घातली गेली तर नंतर ती उघडी पडायचा धोका कमी.
- नियम ३ (अंदाजावर): पुढच्या ४८ तासांत मोठा पाऊस असेल तर पंप आधीच चालवा, पण तळ्यात अंडी नसतील तरच.
- नियम ४ (अंडी दिसली तर): पाहणी करणाऱ्याने नोंद केली की त्या दिवसाची पातळी ‘किमान पातळी’ धरा. पंपाने त्याखाली जायचं नाही, फेअरवे ओला असला तरी.
- नियम ५ (माणसांचा जीव): पाणी घरांपर्यंत किंवा रस्त्यापर्यंत जाणार असेल तर बाकीचे नियम बाजूला. पण कोणी, कधी, का निर्णय घेतला याची नोंद ठेवा.

नियम ४ आणि नियम १ भांडतील. नियम ५ सगळ्यांवर मात करेल. म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना आपण एक क्रम लावतो: आधी माणसांची घरं, मग जीवसृष्टी, मग खेळ. हा क्रम गणितातून येत नाही. तो लोकांनी ठरवायचा असतो आणि तोही पाऊस यायच्या आधी, उघडपणे. रात्री दोन वाजता पंपासमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरवर तो ढकलणं अन्याय आहे. आपल्यापैकी जे कोणी असलं सॉफ्टवेअर लिहितील त्यांनी ‘हा आकडा कुठून आला?’ हे जरूर विचारावं.

मोठ्या पावसाची चेकलिस्ट

*आधी:* जाळ्यांवरची पानं काढणं, पाइपाचं तोंड मोकळं आहे ना ते बघणं, पंप चालवून बघणं, जनरेटरमध्ये डिझेल, तळ्याची पातळी खाली आणणं.

*पावसात:* खेळ बंद, माणसं आत. विजेच्या वेळी मोकळं मैदान आणि एकटं झाड दोन्ही धोक्याचे. पातळीचा अलार्म एकापेक्षा जास्त लोकांच्या फोनवर.

*नंतर:* वापसा येईपर्यंत गाड्या बंद. बंकरची वाहून गेलेली वाळू परत भरणं. पाणी कुठे साचलं होतं त्याचे फोटो लोकेशनसह काढणं. पुढचा चर कुठे खणायचा हे हेच फोटो सांगतात.

तुमच्या फोनवर काय करता येईल?

- मौसम अ‍ॅप: हवामान खात्याचं. इशाऱ्यांचे रंग आणि रडारचं चित्र दिसतं. २४ तासांत ६४.५ मिमीपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ हे आकडे लक्षात ठेवा. तुलनेसाठी: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता.
- दामिनी अ‍ॅप: पुण्याच्या आयआयटीएमचं. तुमच्या आसपास वीज पडतेय का ते कळतं. मैदानावर खेळणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवंच.
- घरचा पर्जन्यमापक: सरळ उभ्या बाजूंचा डबा गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा. सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजा. जितके मिलिमीटर उंची, तितका मिमी पाऊस. डब्याचं तोंड लहान की मोठं याने फरक पडत नाही, फक्त बाजू सरळ हव्यात.
- तुमच्या मैदानाचं गणित: गुगल मॅप्सवर कॉम्प्युटरवरून मैदानाचं क्षेत्रफळ मोजा आणि मिमीने गुणा. किती लिटर पाणी पडलं ते हातात आलं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आणखी मोठा पाइप टाकला तर पुरेल का?*
पाइपाच्या तोंडाबाहेरचं पाणी आतल्या पाण्याइतकं वर आलं तर पाइप कितीही मोठा असला तरी पाणी पुढे सरकत नाही. आधी तोंड कुठे उघडतंय ते बघा.

*कृत्रिम गवत लावलं तर?*
खालचा थर नीट केला नसेल तर काहीच फायदा नाही. पाणी वरच्या गवतामुळे नाही, खालच्या थरांमुळे जातं.

*एआय हे सगळं करेल का?*
पावसाचा अंदाज आणि पातळीचा अंदाज नक्की सुधारेल. पण बेडूक आधी की फेअरवे आधी, हे आपणच सांगावं लागेल.

थोडक्यात

पाणी मोजा, मग मुरवा, मग थांबवा आणि शेवटी सोडा. क्रम हाच. गोल्फ कोर्स असो, शाळेचं मैदान असो किंवा सोसायटीचं पार्किंग, हेच लागू पडतं. पुढच्या वेळी तुमच्या मैदानात पाणी तुंबलं तर वैतागून परत फिरायच्या आधी दोन मिनिटं थांबा आणि बघा: पाणी कुठून येतंय, कुठे जायचा प्रयत्न करतंय आणि त्याला कोणी अडवलंय. एक फोटो, एक लोकेशन आणि मिमीचा आकडा घेऊन तुम्ही वॉर्ड ऑफिसला गेलात तर तुमची तक्रार ‘इथे पाणी तुंबतं’ यापेक्षा खूप वजनदार होईल.